शेवटच्या पाण्याचं भांडं

खेकड्यांच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या पोरीनं मान वळवून सहज सांगून टाकलं की तुमच्या नवऱ्याला शेवटचं मी पाजलं. पाणी नव्हे, चहा. बर्फाचा गोड चहा, घरून रोज आणते त्या माझ्या बरणीतला. एवढं बोलून ती पुन्हा समोर वळली आणि मासळीवाल्याला म्हणाली, नर दे, जिवंत दे, कालचे मेलेले माझ्या गळ्यात मारू नकोस. टोपलीत खेकडे एकमेकांच्या नांग्या धरून वर चढत होते आणि एकमेकांनाच खाली ओढत होते. अर्डेला मंगिन त्यांच्याकडे बघत राहिली. पोरीचं नाव यूलाली गॅडसन, दवाखान्यात काळ्यांच्या वॉर्डात आयाचं काम करणारी. अर्डेलानं तिला ओळखलं होतं ते तिच्या पांढऱ्या बुटांवरून. तिनं चौकशी करावी आणि आपण ‘बरं आहे’ म्हणावं, एवढंच व्हायला हवं होतं. पोरगी चांगल्या मनानं बोलली असणार. तरुण माणसं चांगल्या मनानं काहीही बोलतात. मासळीवाला चर्चमधल्या रिवाजानं म्हणाला, काय देऊ, सिस्टर मंगिन? अर्डेला म्हणाली, काही नाही, आणि रिकामी पिशवी घेऊन वेस्ट ब्रॉड रस्त्याला लागली. चर्चच्या कोपऱ्यावर तिला कळलं की आपण घराच्या उलट्या दिशेनं चाललोय. ती वळली. मग पुन्हा वाटलं, नाही, बरोबरच चाललो होतो. सव्हाना शहरात जन्म गेला होता आणि भर सकाळी घर कुठल्या बाजूला ते तिला सुचेना.

शेवटचं मी पाजलं. असं कसं पाजलं? शेवटचं अर्डेलानं पाजलं होतं, आपल्या हातानं, निळ्या किनारीच्या कपातून. त्यासाठी तर तो कप घरून टॉवेलात गुंडाळून नेला होता. दवाखान्यात कागदी पेले देत, ओठाला लागले की मऊ पडणारे, आणि पिऊन झालं की चुरगाळून टाकायचे. आपल्या लोकांनी मरायचं घरात, ही जुनी रीत. घरात मरणारा माणूस घरातल्या भांड्यातून पितो, आणि ते भांडं मग त्याच्याबरोबर जातं. थडग्यावर नेऊन त्याच्या बुडाला भोक पाडायचं किंवा ते फोडायचं. म्हणजे साखळी तुटली, मेलेला मोकळा झाला, मागे राहिलेल्यांपैकी कुणाला त्याच्यापाठोपाठ जावं लागत नाही. हे अर्डेलाच्या आईनं तिला लहानपणी आपल्या माहेरच्या बेटावर नेऊन सांगितलं होतं, हाताला धरून एकेक थडगं दाखवत. हा बघ याचा दिवा, ही याची औषधाची बाटली, हे हिचं घड्याळ, काटे ही गेली त्या वेळेवर थांबवलेत. हे शिंपले समुद्राचे, कारण आपण पाण्यावरून आलो आणि पाण्यातच परत जाणार. कागदाचा पेला कसा फोडणार? हे कुठल्याही डॉक्टरच्या डोक्यात येणार नाही. ते डॉक्टर. तिच्या पंचावन्न वर्षांच्या नवऱ्याला, ज्यानं आयुष्यभर बंदरात कापसाचे गठ्ठे आणि साखरेची पोती पाठीवर वाहिली त्याला, पोरसवदा गोरा डॉक्टर नुसतं ‘हेझेकाय’ म्हणून हाक मारायचा आणि चादर न विचारता वर करायचा. दारावरची ‘काळ्यांसाठी’ ही पाटी वॉशिंग्टनच्या कायद्यानं उतरवली होती. भिंतीवर तिचा चौकोन मात्र तसाच पांढरा राहिला होता, आणि सगळे त्याच मागच्या दारानं आत जात होते. अर्डेलाही जायची. चीड आली तरी पाय त्याच दाराकडे वळायचे, आणि त्याची चीड वेगळी.

घरी येऊन ती स्वयंपाकघरात बसली. फळीवर कपाची जागा रिकामी होती. तो कप आईचा. आई बेटावरून शहरात आली तेव्हा तिच्याजवळ एक गोधडी होती आणि हा कप. गोधडी कधीच फाटली. आई गेली तेव्हा मात्र ती शेवटचं प्याली ती सुकवलेल्या भोपळ्याच्या डवल्यातून, कारण अंगणात बसून डवल्यानंच पाणी प्यायची तिला सवय. म्हणून डवला फुटला आणि कप वाचला. तेव्हा अर्डेलाला केवढं हायसं वाटलं होतं. आईला पुरून आलेली बाई एका कपासाठी हुश्श करते, याची तिला लाजही वाटली होती. हेझेकायनं ते ओळखलं होतं. तो बाकी कसाही असो, असल्या गोष्टी बरोबर ओळखायचा. म्हणाला होता, बाई गं, मी मरेन तेव्हा मला चमच्यानंच पाज, नाहीतर तू माझ्यासाठी रडतेस की कपासाठी ते मला कळणार नाही. असं तो बोलायचा. तोंडात तंबाखू, डोळे दुसरीकडे, आणि वाक्य बरोबर बरगडीत.

आणि तरीही तिनं तोच कप नेला. का नेला? घरात पत्र्याचे पेले होते, काचेचे ग्लास होते. चांगलं भांडं देऊन पाठवावं म्हणून नेला, की काहीतरी भरून काढायचं होतं म्हणून? हिवाळ्यापासून तो तिच्याशी धड बोलत नव्हता. त्यांचा पोरगा लॉनी दुकानातल्या, फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या टेबलापाशी इतर पोरांबरोबर जाऊन बसला होता. गोऱ्यांच्या खुर्चीवर, नुसता बसला होता. पोलिसांनी ओढून नेला, दोन दिवसांनी सोडला, एक डोळा बंद. त्याच आठवड्यात अर्डेलानं कुणाला न विचारता त्याला फिलाडेल्फियाच्या बसमध्ये बसवून दिलं, बहिणीकडे. हेझेकाय बंदरातून आला तेव्हा पोरगं दोन राज्यं ओलांडून गेलं होतं. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, त्याला बसायचं होतं, तू त्याला उठवलंस. गोऱ्यांना जमलं नाही ते तू केलंस. मग पोटात गाठ निघाली, मग दवाखाना. पलंगावर तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. ती आली की वळायचा का? कधी वळायचा, कधी नाही. दुखत असेल. दुखत असलेल्या माणसाच्या पाठीकडे बघून काय ताडणार? त्या दिवशी दुपारी तिनं कप ओठाला लावला, तो दोन घोट प्याला. तिनं कप पुन्हा भरून उशाशी ठेवला आणि ती लाँड्रीत पाळीवर गेली, कारण पुन्हा खाडा केला तर काम गेलंच असतं. ती इस्त्रीची वाफ तोंडावर घेत असताना इकडे तो मेला. नर्स म्हणाली, झोपेत गेला, काही मागितलं नाही. अर्डेलानं ते खरं मानलं. मानायलाच हवं होतं. नंतर लॉरेल ग्रोव्हच्या कबरस्तानात, आपल्या लोकांच्या भागात, त्याच्या ओल्या मातीवर तिनं आईचा कप ठेवला आणि दगड मारला. एका फटक्यात तीन तुकडे झाले, कान मात्र अख्खा राहिला. ते दुःखही तिनं त्याच्या खात्यात घातलं होतं: हे बघ, तुझ्यासाठी मी हेसुद्धा फोडलं.

म्हणजे ते खोटं होतं. त्याच्या डोक्याशी ठेवलेले तुकडे त्याचे नव्हतेच. कप फुकट फुटला, साखळी तशीच राहिली. तिच्या मनात एकेक गोष्ट आता जागेवर बसू लागली, आणि बसता बसता पुन्हा हलू लागली. सकाळी स्वयंपाकघरात येणारा ओल्या दोरखंडाचा आणि तंबाखूचा वास. गच्च बंद केलेला आणि तरी टपटपणारा नळ. परसात भुतंखेतं अडकावीत म्हणून निळ्या बाटल्या टांगलेलं झाड वारा नसताना किणकिणलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, दुःख आहे, दुःखाला आवाज असतो. तिनं पायातला मोजा काढून घोट्याला बांधलेलं चांदीचं नाणं बघितलं. कुणी वाईट केलं तर ते काळं पडतं. ते काळं नव्हतं. पांढरंही नव्हतं. घासून बघितलं, तर तो मळकटपणा घामाचा होता की कशाचा ते कळेना. आणि एक विचार तिला आला, तो आला तेव्हा तिला आपलीच किळस वाटली: त्या पोरीला कळलं का नाही? नवरा माझा, आणि तिच्या बरणीला तोंड लावून गेला. मग लगेच दुसरा: ती पोरगी अजून त्याच बरणीतून पितेय. मेलेल्याचं शेवटचं भांडं रोज तोंडाला लावतेय. तिला तो घेऊन जाईल. या दोन विचारांपैकी आपल्याला खरोखर कुठला टोचतोय, ते तिला ठरवता येईना. तिला वाटलं, दुसरा. तसं वाटलेलं बरं दिसतं.

झाडाच्या मुळ्या-पाल्याचे तोडगे करणाऱ्या म्हाताऱ्याकडे जावं असं मनात आलं आणि ती गेलीही. त्याला सगळे डॉक्टर बगळा म्हणत. पूर्वी तो यामाक्रॉ वस्तीच्या बोळात राहायचा, लाल फ्लॅनेलच्या पुरचुंडीत मुळी आणि लोहचुंबकाचा खडा शिवून द्यायचा, आणि दर आठवड्याला या पुरचुंडीला व्हिस्की पाज, नाहीतर ती उपाशी मरेल, असं बजावायचा. त्याच्या हातात काहीतरी होतं, हे अर्डेला शपथेवर सांगेल. आता त्याच्या पुतण्यानं दुकान काढलं होतं आणि काउंटरवर ‘नशीब फिरवणारा’ फवारा डब्यात भरून विकायला ठेवला होता, डासांच्या औषधासारखा. म्हाताऱ्यानं आत बोलावून सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाला, बरणी माझ्याकडे आण. का, ते सांगेना. बरणी त्याला कशाला हवी होती? मेलेल्याचं न फुटलेलं भांडं हातात असलं तर त्या मेलेल्याला कामाला लावता येतं, हे तिला ठाऊक होतं. आयुष्यभर दुसऱ्याचा माल वाहिला, आता मेल्यावरही कुणाच्या तरी हुकमावर? ती उठली. बाहेर उन्हात आल्यावर तिला वाटलं की म्हातारा कदाचित मदतच करणार होता. कुणाचं तोंड बघून काहीच कळत नाही, असं तिचं झालं होतं.

यूलाली दवाखान्याच्या मागच्या पायऱ्यांवर दुपारचं जेवत बसली होती. मांडीवर तळलेल्या माशाचा पाव, बाजूला बरणी. पीच मुरवून ठेवतात तसली जाड काचेची, पत्र्याचं फिरकीचं झाकण असलेली. आत तांबूस चहा आणि विरघळत आलेला बर्फ. अर्डेला बरणीकडेच बघत होती. काचेच्या कडेला लिपस्टिकचा डाग होता.

यूलाली सरकून बसली, बसा म्हणाली, पाव अर्धा करून पुढे केला. अर्डेलानं तो नाकारला आणि विचारलं की त्या दिवशी नक्की काय झालं, पहिल्यापासून सांग. यूलालीला वाटलं की बाईला दवाखान्यावर तक्रार करायचीय. तिनं आधी शपथ घातली की नर्सला कळता कामा नये, रोग्याला आपलं काही द्यायची परवानगी नाही, नोकरी जाईल. अर्डेला म्हणाली, मला नोकरीशी काही देणंघेणं नाही. माझा कप तिथं होता की नाही, एवढं सांग.

“होता की. उशाशी. पाण्यानं भरलेला,” यूलाली म्हणाली. “त्यांच्या ओठांना साल सुटली होती, म्हणून मी तोच उचलला. तर त्यांनी हात असा आडवा केला. म्हणाले, तो नको, ठेव तिकडे. तुझ्या बरणीत काय आहे? मी म्हटलं, चहा आहे मिस्टर मंगिन, पण माझा उष्टा. तर म्हणाले, आता मला कुणाचं उष्टं काय करणार आहे?”

“हसला?”

“हसले. नाहीतर खोकले. त्यांचं तेव्हा दोन्ही सारखंच वाटायचं.”

“कप का नको, ते बोलला?”

“नाही. पुन्हा एकदा बघितलं मात्र. कपाकडे.”

“कसं बघितलं?”

यूलालीनं घास गिळला. “कसं म्हणजे? आजारी माणूस बघतो तसं, मिस अर्डेला. तुम्ही मला फोटो काढायला सांगताय.”

अर्डेला पायरीवर बसली. उन्हानं तापलेलं सिमेंट, स्कर्टातून चटका बसला तरी ती हलली नाही. हात आडवा केला. तो नको. म्हणजे त्याला रीत ठाऊक होती, आपली वेळ आलीय हेही ठाऊक होतं, आणि त्यानं ठरवून शेवटचा घोट दुसऱ्या भांड्यातला घेतला, आईचा कप वाचावा म्हणून. चमच्यानं पाज म्हणाला होता, तोच हा माणूस. असा विचार आला तेव्हा तिला बरं वाटलं, आणि पाठोपाठ त्याच्याशी भांडावंसं वाटलं. वाचवलास ना, मग सांगितलं का नाहीस कुणाला? या पोरीच्या तोंडी एक निरोप ठेवता येत नव्हता? की निरोप नव्हताच. की त्याला या बाईच्या हातचं शेवटचं नकोच होतं. जिनं माझ्या पोराला खुर्चीवरून उठवलं, तिच्या भांड्याला तोंड लावून मी जाणार नाही. तेही त्याच्याच स्वभावात बसत होतं. दोन्ही बसत होतं. सत्तावीस वर्षं एका अंथरुणात काढलेल्या माणसाचा आडवा केलेला हात, आणि त्याचा अर्थ तिला लागत नव्हता. या पोरीला विचारून काय लागणार होता? तिनं फक्त चहा पाजला होता.

मग तिनं यूलालीला रीत सांगितली. सांगताना तिला वाटलं की पोरगी हसेल, आणि ती हसलीही. म्हणाली, अगं बाई, माझी आजी करायची असलं सगळं, लिबर्टीच्या बाजूला खेड्यात, आम्ही चर्चवाले आहोत. हसता हसता तिचा हात बरणीकडे गेला आणि मध्येच थांबला. तिनं बरणी उचलली नाही. हात परत मांडीवर आणून पावावर ठेवला.

“म्हणजे मी इतके दिवस यातूनच पितेय.”

“म्हणूनच आले,” अर्डेला म्हणाली.

हे अर्धंमुर्धं खरं होतं. पण मोठ्यानं म्हटल्यावर ते बरंच खरं वाटू लागलं.

यूलालीची पाळी संपल्यावर दोघी कबरस्तानात गेल्या. पोरगी वाटभर बोलत होती. वॉर्डातल्या बायकांबद्दल, कुठल्याशा ट्रक चालवणाऱ्याबद्दल जो तिच्याशी लग्न करणार होता आणि करत नव्हता. भीती वाटली की काही माणसं गप्प होतात, काही असं बडबडतात. चहा तिनं पायऱ्यांवरच ओतून टाकला होता आणि बरणी वर्तमानपत्रात गुंडाळून अंगापासून दूर धरली होती, जशी काही तिच्यात खेकडा आहे. ओक झाडांवरून करड्या शेवाळाच्या बटा लोंबत होत्या. हेझेकायची माती अजून बसली नव्हती. तिच्यावर त्याचा चष्मा, थांबवलेलं घड्याळ, औषधाची बाटली, शिंपले, आणि कपाचे तुकडे. यूलालीनं तुकडे बघितले आणि तिची बडबड थांबली. हाच का तो, असं तिनं विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

तिनं बरणी पुढे केली. अर्डेलानं घेतली नाही. तिनं खाली वाकून एक दगड शोधला, हाताच्या मुठीएवढा, आणि तो पोरीच्या हातात दिला.

“मी?” यूलाली म्हणाली. “माझा काय संबंध? तुम्ही त्यांची बायको.”

“पाजलंस तू.”

“अहो, मी तर नुसती आया आहे.”

“पाजलं तिनं फोडायचं. मार.”

हे बोलायला किती जड गेलं ते अर्डेलालाच ठाऊक. इथपर्यंत येताना तिनं मनात ठरवलं होतं की आपणच फोडायचं, बायको म्हणून, हक्कानं. पण तो आडवा केलेला हात सारखा मध्ये येत होता. त्यानं जिच्या हातचं घेतलं तिनंच त्याला सोडावं. मग त्यानं ते मायेनं घेतलेलं असो की रागानं. यूलालीनं दगड मारला तर तो निसटून शिंपल्यांवर पडला. काच जाड होती. दुसऱ्यांदा तिनं डोळे मिटून, दात आवळून, दोन्ही हातांनी मारला आणि बरणीचं बूड कडकन गेलं. दोघी तशाच उभ्या राहिल्या. काही झालं नाही. काही व्हायचं नसतंच. लांब कुठेतरी मालगाडी शंटिंग करत होती. यूलालीनं स्कर्टाला हात पुसले, आणि आपण मोकळ्या झालो का असं विचारावं की नाही, या विचारात थोडा वेळ थांबून शेवटी म्हणाली की माझी बस जाईल. अर्डेला म्हणाली, जा. मागे वळून बघू नकोस, आणि घरी गेल्यावर मिठाच्या पाण्यानं पाय धू. चर्चवाली पोरगी जवळजवळ पळतच गेली.

आता तो मोकळा होता. रीतीप्रमाणे सगळं झालं होतं, या वेळी बरोबर झालं होतं. अर्डेलाला हलकं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिच्या मनात आलं: म्हणजे आता तो जाणार. उत्तर न देता जाणार. हिवाळ्यात नाही दिलं, पलंगावर नाही दिलं, आणि आता मी स्वतःच माणूस आणून दार उघडून दिलं की जा बाबा. तिला एकदम असा राग आला की कानशिलं तापली. ती गुडघ्यांवर बसली. थडग्यावरचं काही उचलायचं नसतं. आईनं एवढं एकच दरडावून सांगितलं होतं, इतर सगळं हळू आवाजात. थडग्यावरचा शिंपला जरी उचललास तरी मेलेला त्याच्यामागं घरापर्यंत येतो आणि आपलं परत मागतो. पण हे त्याचं होतं कुठे? यातून तो शेवटचं प्यालाच नाही. हे आईचं होतं. म्हणजे माझं. की इथं ठेवल्यावर त्याचं झालं? तिला खरंच माहीत नव्हतं, आणि विचारायला जगात कुणी उरलं नव्हतं. तिनं कपाचा कान उचलला. फुटलेल्या कडेनं बोट कापलं. तिनं तो एप्रनच्या खिशात टाकला आणि मोठ्यानं, शेजारच्या थडग्यांनाही ऐकू जाईल असं म्हणाली, “नेतेय बघ. हवा असेल तर ये.”

घरी जाताना तिनं नेहमीचा आडवा रस्ता घेतला नाही. सरळ, सोप्या रस्त्यानं गेली, वळणं टाळत, कोपऱ्यावर जरा थांबत, नवीन माणसाला घर दाखवायला आणावं तशी. आपण वेडेपणा करतोय हे तिला कळत होतं. आपण घाबरलोय हेही कळत होतं. पण परत फिरायचं मात्र मनात आलं नाही. पायरीशी आल्यावर तिला उंबऱ्यावरची लाल रेघ दिसली, विटेचा चुरा पसरून ओढलेली. वाईट काही आत येऊ नये म्हणून दर शनिवारी ती स्वतःच ओढायची. ती तिथंच थबकली. मग वळसा घालून परसातनं आत गेली, बादलीत पाणी आणि चिंधी घेऊन आली, आणि गुडघे टेकून रेघ पुसायला लागली. चुरा लाकडात मुरला होता, चार वेळा घासावा लागला. चिंधी लाल झाली. तिनं ती पिळली, दार सताड उघडं टाकलं, आणि आत जाऊन दाराकडे तोंड करून बसली. कुठून सुरुवात करायची याची ती मनात जुळवाजुळव करू लागली. लॉनीचं आधी काढायचं, की कपाचं, ते काही केल्या ठरेना. पण पहिल्यांदा शिव्या द्यायच्या, एवढं नक्की होतं.